पुस्तक पुढे द्यायची रीत

आई जाऊन महिना होत आला तेव्हा बाबांनी मला पाचोऱ्याला बोलावून घेतलं. स्मरणाची उपासना ठरली होती, आणि त्याच दिवशी त्यांच्या ‘चुलीपाशी प्रभू’ या पुस्तकाची नवी आवृत्ती निघणार होती. मी धुळ्याला, देवपुरातल्या एका कॉलेजात मराठी शिकवते. बाबांच्या पुस्तकांची प्रुफं बरीच वर्षं मीच तपासत आले आहे.

बाबा निवृत्त पाळक. खानदेशातल्या ख्रिस्ती घरांत त्यांचं हे पुस्तक लग्नात आहेर म्हणून देतात. राग कसा आवरावा, सुनेशी कसं वागावं, पाहुणा आला आणि डब्यात पीठ नसलं तर काय करावं, असे लहान लहान धडे. बाबा चांगलं लिहितात. मी पुष्कळ वाचलं आहे, वाईट गद्य मला लगेच कळतं. त्यांचं वाईट नाही.

प्रुफांत एक धडा होता, ‘भिकुबाईचा नवस’. तो मला पाठ होता. भिकुबाई म्हणजे प्रार्थनाघरातली गॅसबत्ती पेटवणारी एक श्रद्धावान बाई. तिचं तान्हं मूल तापाने फणफणतं. नवरा सुवार्तेच्या कामाला परगावी गेलेला. श्रावणातला रविवार असतो, शेजारच्या घरी कानबाई, खानदेशातली नवसाची देवी, बसलेली असते. शेजारीण तिला मोहात पाडते. भिकुबाई मूल घेऊन त्या अंधाऱ्या घरात जाते, कानबाईपुढे डोकं टेकते, नवस बोलते आणि प्रसादाच्या रोटाचा घास खाते. पहाटे मूल मरतं. मग तिचे डोळे उघडतात, ती नवऱ्यापाशी पाप कबूल करते आणि पुढचं आयुष्य विश्वासात घालवते.

भिकुबाई म्हणजे आई. शेजारीण म्हणजे बेबाबाई, बाबांच्या पहिल्या नेमणुकीच्या गावातली. ते तान्हं मूल मी.

हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी तिसरी-चौथीत असेन. पुस्तक नुकतंच निघालं होतं आणि बुधवारच्या भगिनी मंडळात त्याचं वाचन चालू होतं. मंडळाची एक रीत होती. बायका चटईवर गोल बसायच्या, पुस्तक हातोहात फिरायचं, आणि ज्या बाईच्या हातात येईल तिने एक धडा मोठ्याने वाचायचा. जिला वाचता येत नाही, किंवा जिचं मन नाही, तिने काही न बोलता पुस्तक पुढच्या बाईला द्यायचं. कोणी कारण विचारायचं नाही. ही रीत बाबांनीच घालून दिली होती, निरक्षर बायकांना लाज वाटू नये म्हणून.

हा धडा आईच्या वाट्याला आला. तिने तो वाचला. तिचा आवाज जरा घोगरा होता, तसाच राहिला. गॅसबत्तीचं वाक्य आलं तशी मंडळातल्या लिलाबाईने मान खाली घातली. आमच्या मंडळीत गॅसबत्ती एकच होती आणि ती पेटवणारी बाईही एकच. बाबांनी नाव तेवढं बदललं होतं. प्रार्थनाघरात कोणाची साक्ष सांगताना आमचे लोक तसंच करतात, नाव बदललं की माणूस झाकला असं समजतात. मी आईच्या मांडीला टेकून बसले होते. पहाटे मूल मरतं, तिथेही ती थांबली नाही.

घरी आल्यावर मी तिला विचारलं, “आई, तू पुस्तक पुढे का नाही दिलंस?”

ती भाकरी थापत होती. “पुढे दिलं असतं तर सगळ्यांना समजलं असतं.”

“काय?”

“काही नाही. जा, कंदिलाची काच पूस.”

तिने बाबांना त्या धड्याबद्दल कधी काही विचारल्याचं मला आठवत नाही. गॅसबत्ती मात्र त्या बुधवारनंतर लिलाबाई पेटवू लागली.

पुढे मी मोठी झाले, पुस्तकं वाचू लागले, माणसं समजून घ्यायची सवय लागली. बाबांच्या बाबतीत मी स्वतःची समजूत घातली होती. त्या धड्याने आईचं काय झालं ते बाबांना दिसलंच नव्हतं. ज्याच्यासाठी रोज कोणीतरी बत्ती पेटवून ठेवतं, त्याला फक्त उजेड दिसतो. त्या समजुतीवर मी पंचवीस वर्षं त्यांच्यावर प्रेम करू शकले.

आता प्रुफात ‘भिकुबाई’ कुठेच नव्हती. तिच्या जागी ‘तानुबाई, माझी दिवंगत पत्नी’ असं होतं.

बाबा ओट्यावर बसून पेरू कापत होते. मी कागद त्यांच्यापुढे ठेवला.

“बाबा, हे काय?”

“आता ती प्रभूजवळ आहे. आता झाकायचं कारण नाही. तिची साक्ष तिच्या नावाने जाऊ दे.”

“तिने फक्त तुम्हाला सांगितलं होतं.”

“पापकबुली देवाला दिलेली असते, सुवा. मी मधला माणूस.”

“मग मधल्या माणसाने छापली कशी?”

ते हसले. माझ्या बोलण्यात आई दिसली की ते असेच हसायचे. “तू कॉलेजात पोरांना असंच कोंडीत पकडतेस का? अगं, किती घरं सावरली त्या धड्याने. फैजपूरकडची एक बाई मला म्हणाली, पाळकसाहेब, मी धागादोरा सोडला तुमच्या भिकुबाईमुळे.”

“आणि मी?”

“तुझं काय?”

“मी मेले त्यात.”

बाबांनी पेरूची फोड माझ्यापुढे धरली. मी घेतली नाही. मग ते शांतपणे, एखाद्या नव्या पाळकाला समजावून सांगावं तसं म्हणाले, “मूल वाचलं असं लिहिलं असतं, तर नवस फळला असं झालं असतं ना? लोकांनी काय शिकायचं त्यातून?”

मी कागद परत उचलून घेतला. मग म्हणाले, “एवढंच करा. तिचं नाव काढा. भिकुबाई आहे तशी राहू द्या. नाहीतर मी उपासनेला बसणार नाही.”

त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. “काढतो.”

मी स्वतः लाल शाईने प्रत्येक ठिकाणी नाव खोडून ‘भिकुबाई’ लिहिलं आणि धुळ्याला परत गेले.

उपासनेच्या दिवशी मी पुन्हा पाचोऱ्याला आले. ती घरातच होती. पुढच्या खोलीत चटया घातल्या होत्या, पुरुष बाहेर मांडवात खुर्च्यांवर. भगिनी मंडळाच्या जुन्या बायका आल्या होत्या, लिलाबाई, झुंबरबाई, त्यांच्या सुना. आणि कोपऱ्यात बेबाबाई. आमच्या पहिल्या गावाहून एसटीने एकटीच आली होती. डोक्यावरून पदर, हातात केळीच्या पानात गुंडाळलेली फुलं. आमच्यात फोटोला फुलं वाहत नाहीत हे तिला माहीत नव्हतं. मी ती तिच्याकडून घेतली आणि आईच्या फोटोशेजारी पाण्याच्या तांब्यात ठेवली.

“तुनी मायनं तोंड तुले उनं,” ती माझी हनुवटी धरून अहिराणीत म्हणाली. आईचा चेहरा मला आला, असं मला आजवर कोणी म्हटलं नव्हतं.

गीत झालं, प्रार्थना झाली. बाबांनी नव्या पुस्तकांचा गठ्ठा सोडला. वरची प्रत उघडून त्यात बोट घातलं आणि माझ्याकडे दिली. “मंडळाच्या रीतीने वाचू या. तुझ्या आईचा आवडता धडा आहे. सुरुवात लेकीने करावी.”

मी पान पाहिलं. तानुबाई, माझी दिवंगत पत्नी.

मी वर पाहिलं. बाबा हलक्या आवाजात म्हणाले, “मी प्रार्थनेत ठेवलं होतं, बेटा. मला तसं उत्तर मिळालं.”

मी पुस्तक शेजारच्या लिलाबाईला दिलं. लिलाबाई शाळामास्तरीण होती, मंडळात सगळ्यांत चांगलं वाचायची. तिने पानावर नजर टाकली, माझ्याकडे पाहिलं आणि पुस्तक पुढे दिलं. झुंबरबाईने चष्मा काढला होता, तो परत लावून पाहिलं. मग तिनेही पुढे दिलं. सुनांना काही माहीत नव्हतं, पण सासवांनी केलं ते त्यांनी केलं. खोलीत फक्त बांगड्यांचा आवाज. बाबा प्रत्येकीकडे आशेने पाहत होते. बायका दुःखाने वाचू शकत नाहीत असं बाहेरच्या पुरुषांना वाटलं असावं, एकाने खाकरून डोळे पुसले.

पुस्तक शेवटी बेबाबाईच्या हातात आलं. तिने ते उलटं धरलं, मग मांडीवर ठेवून त्यावर तळहात ठेवला.

“काय लिखेल शे यामा?”

बायकांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, “आईबद्दल आहे.”

“तानूना बारामा?” तिचा चेहरा उजळला. ती बाबांकडे वळली. “चांगलं लिखेल शे ना, भाऊ?”

“चांगलंच आहे,” बाबा म्हणाले.

“मंग वाची दखाडा ना. मले कोठे वाचता येस?”

बाबांनी पुस्तक घेतलं, चष्मा नाकावर सरकवला. त्यांचा आवाज अजून भरदार आहे. “तानुबाई, माझी दिवंगत पत्नी, प्रार्थनाघरातली गॅसबत्ती रोज स्वतः पेटवीत असे.” बेबाबाईने मान डोलावली. “लावे, लावे. मी दखेल शे.” पुढच्या ओळीत शेजारीण होती. अंधारं घर होतं.

बाबा थांबले. त्यांनी बेबाबाईकडे पाहिलं. मग अंगठ्याने पाच-सहा पानं एकदम उलटली, आणि श्वासही न चुकवता पुढे वाचू लागले. पाहुणा आला आणि डब्यात पीठ नसलं, तो धडा. त्यातली बाई कोण कुठली, निनावी. त्यांनी तिच्या जागी वाचता वाचता ‘तानुबाई’ घातलं. बेबाबाई पदराने डोळे टिपत राहिली.

मी त्यांच्या अंगठ्याकडे पाहत होते. ज्या माणसाला काही दिसतच नाही, त्याला कोणती पानं उलटायची हे कसं कळेल? म्हणजे त्यांना कळत होतं. आत्ता कळलं, तसं तेव्हाही कळलं असणार. त्या बुधवारी प्रार्थनाघरात आई चटईवर बसून वाचत होती आणि बाबा शेजारच्या खोलीत होते, हेही मला आठवलं. दार उघडंच असायचं.

माझी ती जुनी समजूत तिथे संपली.

बेबाबाई निघाली तेव्हा तिने बाबांकडे पुस्तक मागितलं. “मना नातू वाची दखाडी मले.” बाबा क्षणभर अडखळले. पण बाहेर माणसं उभी होती, आणि पुस्तक मागणाऱ्याला नाही म्हणणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. त्यांनी एक प्रत तिच्या पिशवीत घातली.

तिला एसटी स्टँडवर पोचवायला मी गेले. गाडी लागायची होती. आम्ही बाकावर बसलो. मी म्हणाले, “बेबामावशी, ते पुस्तक मला द्या. नातवाला वाचायला लावू नका.”

“का वं?”

“त्यात कानबाईचं लिहिलंय. आईला तुम्ही रोट दिलात, ते. नाव आईचं आहे, पण घर तुमचं आहे. गावातल्या कोणालाही कळेल.”

तिने पिशवी मांडीवर ओढून घेतली. कानबाईचा रोट भावकीबाहेर कोणाला देत नाहीत, हे खानदेशात लहान मुलालाही माहीत असतं. त्या रविवारी तिने तो मोडून एका ख्रिस्ती बाईला दिला होता, तिचं पोर तापाने तळमळत होतं म्हणून.

“तिनी सांगं?” तिने विचारलं.

“फक्त बाबांना.”

गाडी लागली. कंडक्टरने दार उघडलं, लोक पिशव्या खिडक्यांतून आत टाकू लागले. बेबाबाईने पुस्तक काढून माझ्या मांडीवर ठेवलं. रागाने नाही, जपून, पान दुमडू नये असं. मग उठली, पदर सारखा केला.

“मी ते मना मालकले बी सांगं नही,” ती म्हणाली, आणि गाडीत चढली.