खिशात मावणारं पठार

एव्हिंदूर सदतीस वर्षं डोंगरराजा होता. या राज्यात मुकुट नसतो आणि पगारही नसतो. सप्टेंबर लागला की घोड्यावर बसायचं, मागे बावीस माणसं आणि नऊ कुत्री घ्यायची आणि उन्हाळाभर आइसलँडमधल्या स्वार्ताहेदीच्या पठारावर मोकाट चरलेली गावाची मेंढरं तीन दिवसांत खाली आणायची, एवढंच राज्य. गेल्या वर्षी त्याच्या गुडघ्यांनी आणि डोळ्यांनी एकाच महिन्यात राजीनामे दिले. नवा डोंगरराजा म्हणून शेजारच्या शेतावरची सोलरून निवडली गेली. वय चौतीस. पदाचं नाव बदलायची कुणाला गरज वाटली नाही.

सोलरूनबद्दल त्याची तक्रार एकच होती. पठार ती फोनवर बघायची.

"धुक्यात मेंढी कुठे जाऊन बसते, ते फोनला ठाऊक आहे का?" तो बहिणीला म्हणाला.

"तुला ठाऊक आहे ना? मग सांग, मी लिहून काढते," स्टेनवर म्हणाली, आणि या एका वाक्यात तिचं अख्खं वर्ष गेलं.

स्टेनवर अडुसष्ट वर्षांची. चाळीस वर्षं तिने गावच्या शाळेत स्वयंपाक केला होता. साठ पोरांना माशांचे गोळे किती लागतील हे ती झोपेत सांगायची. पुस्तकाला काय लागतं याचा मात्र पत्ता नव्हता. रेक्याविकच्या एका प्रकाशकाला तिने लिहिलं. त्याने फार सभ्यपणे विचारलं, वाचक साधारण किती असतील? तिने खरं ते कळवलं, "बावीस. कुत्री धरली तर एकतीस." पत्रव्यवहार तिथेच आटोपला. तेव्हा तिने ठरवलं, आपणच काढू.

लिहिणं सोपं निघालं. हिवाळाभर एव्हिंदूर बोलला, तिने टिपलं. पुस्तक काढणं हे वेगळंच जनावर होतं.

पहिला प्रश्न आकाराचा. तिने भावाच्या जुन्या कोटाचा खिसा मोजला आणि पुस्तक त्याच मापाचं ठरवलं. मागणीप्रमाणे छापून देणाऱ्या परदेशी छापखान्याच्या यादीत ते माप नव्हतं. त्यांनी सुचवलं, आकार थोडा बदला. तिने छापखाना बदलला. मग राष्ट्रीय ग्रंथालयातून पुस्तकाचा आयएसबीएन क्रमांक घ्यायचा होता. फोनवरच्या बाईने विचारलं, "छापील की ईबुक?"

"दोन्ही."

"मग दोन पुस्तकं."

"एकच आहे."

"एकच असू दे. क्रमांक दोन घे."

मग मुखपृष्ठ. पानं किती, त्यावर पुस्तकाचा कणा किती जाड हे ठरतं आणि कण्यावरून मुखपृष्ठाचं माप. स्टेनवरने मुखपृष्ठ पुरं केलं की एव्हिंदूरला एक नवी घळ आठवायची. असं सात वेळा झालं. आठव्या वेळी ती म्हणाली, "ही घळ सोडून दे."

"मी सोडेन. मेंढरं सोडतील का?"

तिने मुखपृष्ठ पुन्हा केलं. यात कुठेही आरडाओरडा नव्हता. गळणाऱ्या छपराखाली लोक बादली ठेवतात, तशी ती फक्त पुढचं काम हाती घेई.

ईबुक तिने भावाच्या डोळ्यांसाठी केलं. त्याने अक्षरं इतकी मोठी केली की पडद्यावर चारच शब्द राहिले आणि शहाण्णव पानांचं पुस्तक अकराशेच्या पुढे गेलं. सहकारी दुकानात तो भेटेल त्याला हा आकडा ऐकवू लागला. पण पुस्तकात जागोजाग लिहिलं होतं, 'पान एकतीस पाहा'. त्याने एकतिसावं पान उघडलं, तर तिथे आभारच चालले होते. स्टेनवरने असे त्र्याऐंशी उल्लेख शोधले आणि बोट लावलं की नेमक्या जागी जाईल अशी सोय एकेक करत बसवली. तिला हे कुणी शिकवलं नव्हतं.

"मग ईबुकच दे ना सगळ्यांना," सोलरून म्हणाली. "फोन आहेतच."

"वर तिसऱ्या दिवशी चालू असतात?"

"दुसऱ्याच दिवशी मरतात. थंडीने."

"मग?"

"मग कागद आण. मी बघेन. पण सांगून ठेवते, खिशात भाकरीला जागा लागते मला."

एव्हिंदूरला हे कळलं. त्याला फार काही नको होतं. शुक्रवारी सकाळी घोडे निघतील तेव्हा पुस्तक सोलरूनच्या खिशात असावं, बस्स. नाहीतर सदतीस वर्षं त्याच्याबरोबरच खुर्चीत बसून राहणार होती.

छापखान्याने बजावलं होतं, आधी नमुन्याची एक प्रत मागवा. पण ते दिवस कोकरं जन्मायचे होते, आणि पडद्यावर सगळं झकास दिसत होतं. "जमून जाईल," स्टेनवर म्हणाली. आइसलँडमध्ये प्रत्येक कामाआधी हे म्हणतात. म्हणून जमतं की जमतं म्हणून म्हणतात, याचा छडा अजून लागलेला नाही.

घोडे निघायच्या आठवड्यात, मंगळवारी, खोकी आली. स्टेनवरने एक प्रत काढली, वास घेतला आणि मधला नकाशा उघडला. पडद्यावर दोन पानं शेजारी शेजारी, सपाट दिसायची. हातातल्या पुस्तकाला मध्ये शिवण असते, इथे तर डिंकाची. आतला समास तिने बाहेरच्याइतकाच ठेवला होता आणि नकाशा तर थेट कडेपर्यंत नेला होता. डाव्या पानावरून वाहत आलेली नदी चिकटवलेल्या फटीत शिरत होती आणि उजव्या पानावर भलतीकडेच वर येत होती. पाणउतार, म्हणजे घोड्यांना नदी ओलांडता येते अशी उथळ जागा, सबंध पठारावर एकच. ती नेमकी फटीत होती.

एव्हिंदूरने पानावरून बोट फिरवलं. "पाणउतार कुठे दाखवलास?"

"शिवणीत गेला."

तो बराच वेळ कॉफी ढवळत बसला. कॉफीत साखर नव्हती.

"सोलरूनला दाखवू नकोस," तो म्हणाला. "चुकीचा नकाशा देण्यापेक्षा तिची भाकरी राहू दे खिशात."

स्टेनवरने हाल्फ्रीदला फोन लावला. हाल्फ्रीद म्हणजे शिवणमंडळाची सर्वांत जुनी सभासद. मंडळात सात बायका. दर महिन्याला न चुकता जमत, कॉफी, पॅनकेक आणि जी आली नसेल तिच्याविषयीची चर्चा. शिवण म्हणाल तर वीस-बावीस वर्षांत कुणी सुईत दोरा ओवलेला नव्हता.

"सुया आणायच्या?" हाल्फ्रीदने संशयाने विचारलं.

"सुया आण. आणि इस्त्री."

बुधवारी दुपारी स्टेनवरच्या स्वयंपाकघरात सात इस्त्र्या तापल्या. कण्यावर बेकिंगचा कागद ठेवून इस्त्री दाबली की डिंक मऊ पडतो, हे स्टेनवरने पहिल्या दोन प्रती जाळून शोधून काढलं. नकाशाची दोन पानं अलगद ओढून काढली, तर डिंकाखाली दडलेली बोटभर नदी जशीच्या तशी होती. पानं कडेला कड लावून मागून चिकटपट्टीने जोडली, घडी घातली आणि लोकरीच्या दोऱ्याने मागच्या पुठ्ठ्याला टाचली. कण्यावर पुन्हा इस्त्री फिरवली. डिंक बसला.

"माझा टाका वाकडा आलाय," एक जण म्हणाली.

"नदीही वाकडीच आहे. पुढची घे."

गुरुवारी संध्याकाळच्या जेवणाआधी तेवीस प्रती तयार होत्या, बावीस माणसांच्या आणि एक सोलरूनची.

शुक्रवारी सकाळी सोलरूनने घोड्यावर बसल्या बसल्या पुस्तक उघडलं. नकाशा घोड्याच्या मानेवर पसरला. घोड्याने मागे वळून पाहिलं.

"हे असं मुद्दाम केलंय?"

स्टेनवरच्या तोंडून खरं निघणार, तोच हाल्फ्रीद म्हणाली, "अर्थात. छापखान्यांना जमत नाही असं काम."

सोलरूनने पाणउतारावर बोट ठेवलं, क्षणभर पाहिलं, घडी घातली आणि पुस्तक खिशात सरकवलं. भाकरी दुसऱ्या खिशात गेली.

तीन दिवस एव्हिंदूर खिडकीशी बसून होता. रविवारी दुपारी मेंढरं खाली आली, आणि सोलरून चिखलाच्या बुटांनी थेट त्याच्या स्वयंपाकघरात. पुस्तक तिने टेबलावर ठेवलं. ते भिजून फुगलं होतं, एक कोपरा घोड्याने खाल्ला होता आणि समासात पेन्सिलीने बारीक काहीबाही लिहिलं होतं.

"पाणउतार तिथेच आहे," ती म्हणाली. "शनिवारी धुकं पडलं. सगळ्यांना तिथूनच काढलं."

एव्हिंदूरने मान डोलावली. जणू नदीला जागेवर धरून ठेवायला तोच बसला होता इथे.

"पण अकरा ठिकाणी चुका आहेत."

स्टेनवर किटली हातात धरून उभीच राहिली. एव्हिंदूरचे कान लाल झाले.

"वाच," तो म्हणाला.

"राखी घळ. तिच्या तोंडाशी दलदल आहे. माझा घोडा पोटापर्यंत रुतला."

"माझ्या वेळी तिथे खडक होता."

"असेल. आता दलदल आहे."

"मी सदतीस वर्षं तिथून गेलोय."

"आणि मी परवा गेले."

तो पुस्तक चाचपत राहिला. भिजलेली पानं, खाल्लेला कोपरा, पेन्सिलीच्या खुणा. त्या त्याला दिसत नव्हत्या, पण बोटांना लागत होत्या.

"लिही गं," तो बहिणीला म्हणाला. "राखी घळीपाशी दलदल. आणि खाली हिचं नाव घाल. ज्याने पाहिलं, त्याचं नाव हवं."

सोलरूनने खुर्ची ओढली. "कॉफी असेल तर बसते. अजून दहा राहिल्यात."