सहा बाय सहाच्या चौकोनातला चेहरा

मित्रांनो, माझे कोपरे आता दुमडले आहेत, तरी हात जोडून तुम्हाला काही सांगायचे आहे. मी एक जुना फोटो आहे. रुंदी तीन सेंटिमीटर, उंची चार. माझ्यात एक आजोबा आहेत: लांबट चेहरा, बसलेले गाल, टोकदार हनुवटी. ओळखपत्रासाठी माझा जन्म झाला. हसू नका असे फोटोग्राफरने बजावूनही आजोबा जरासे हसलेच. म्हणून त्यांच्या मुलीने माझी एक प्रत पर्समध्ये ठेवली. ती प्रत म्हणजे मी.

पुढे आजोबांना विसर पडू लागला. आधी चष्मा, मग वार, मग घर. एका सकाळी ते चपला घालून बाहेर पडले, ते परतलेच नाहीत. मुलगी रडवेल्या तोंडाने मला घेऊन छापखान्यात धावली.

तिथल्या पानांची जुळणी करणाऱ्या गृहस्थांना सगळे काटकोनकाका म्हणत. पानावर रिकामी जागा दिसली की त्यांचा जीव कासावीस व्हायचा. 'हरवले आहेत'च्या पत्रकात मजकुराखाली सहा बाय सहाचा चौकोन उरला होता. रुंदी दुप्पट केली तर उंचीही दुप्पट, म्हणजे आठ हवी, एवढा साधा हिशेब. पण काकांनी कॉम्प्युटरवर मला दोन्ही बाजूंना धरून ताणले आणि चौकोनात गच्च बसवले. माझे गाल फुगले, हनुवटी गोल झाली.

छापण्यापूर्वी मजकूर मोठ्याने वाचून गिऱ्हाइकाला ऐकवायचा, हा काकांचा शिरस्ता. मुलीने डोळे मिटून ऐकले आणि फोन नंबरातला एक आकडा सुधारून घेतला. फोटो काही मोठ्याने वाचता येत नाही. आणि माझ्याकडे बघण्याचा तिला धीर नव्हता.

फोटोची गंमत अशी, की जिथे त्याची प्रत, तिथे तो स्वतः असतो. मी शंभर भिंतींवर लागलो. बसस्थानकावरच्या तिकीट खिडकीच्या काचेवरही लागलो. आणि मित्रांनो, समोरच्याच बाकावर माझे आजोबा बसले होते! काखेत कळसा आणि गावाला वळसा. मी आकांत केला, पण कागदाला कुठला आवाज?

तिकीटवाला भला माणूस होता. त्याने आजोबांना आपल्या डब्यातले जेवण दिले. दोनदा माझ्याकडे आणि त्यांच्याकडे पाहिलेही. मग तो झाडूवालीला म्हणाला, "फोटोतले चांगले गोल चेहऱ्याचे आहेत. हे बिचारे नुसते चिपाड."

दोन दिवस असेच गेले. तिसऱ्या सकाळी गर्दीत कुणीतरी "चला, चला" म्हणाले आणि आजोबा उठून एका बसमध्ये चढले. जन्मभर सांगितलेले ऐकणारा माणूस तो. कोणती बस, ते कुणी पाहिले नाही.

दुपारी मुलगी विचारपूस करत तिथे आली आणि काचेसमोर थबकली.

"हे आमचे बाबा नाहीत," ती म्हणाली.

तिने पर्समधून मला काढून खिडकीत ठेवले. तिकीटवाल्याने पाहिले आणि त्याचा चेहरा पडला.

"ताई, हे सकाळपर्यंत त्या बाकावर होते."

ती बाकावर जाऊन बसली आणि रिकाम्या फळीवरून हात फिरवत राहिली.

मग ती मला घेऊन पुन्हा छापखान्यात गेली. काकांनी पत्रकाच्या तळातले छापखान्याचे नाव काढून टाकले आणि मला सहा बाय आठ जागा दिली. या वेळी छापण्यापूर्वी त्यांनी कागद तिच्यासमोर धरला. "ताई, हाच तुमचा माणूस ना?"

"हाच," ती म्हणाली. "पण हे परवा विचारायचं होतं, काका."

आता काका प्रत्येकाला विचारतात. मित्रांनो, तुम्हीही कुणाचा चेहरा पानावर लावाल, तेव्हा त्याला जागेच्या मापाने ताणू नका. हवी तर जागा बदला. आणि त्या माणसाला ओळखणाऱ्याला एकदा दाखवा.

मी अजून त्याच काचेवर आहे, अगदी हुबेहूब. तिकीटवाला आलेल्या प्रत्येक म्हाताऱ्याकडे पाहतो, मग माझ्याकडे पाहतो. आता कुणीही मला पाहून त्यांना ओळखेल. फक्त ते बाकावर नाहीत.