हबवर टेकलेला हात

माणिकप्पाने ट्रक गॅरेजसमोर उभा केला, खाली उतरला आणि एकेका चाकाच्या मधोमधच्या हबला हाताची मागची बाजू लावत फिरला. बाकीचे कोमट होते. डाव्या मागच्या चाकाशी मात्र त्याने हात झटकन मागे घेतला.

याच चाकाची बेरिंग गॅरेजवाल्या निजामोद्दीनने सकाळी बदलली होती. भरल्या गाडीनिशी बिलोलीच्या रस्त्याने दहा किलोमीटर फिरून यायचे, मगच नांदेडला सुटायचे, असे ठरले होते.

“चाचा, तापून राहिलंय.”

निजामोद्दीन फडक्याला हात पुसत आला. साठी कधीच उलटली होती, तरी या रस्त्यावरचे ड्रायव्हर त्याच्याकडेच थांबत. मोजायचे यंत्र त्याने कधी घेतले नाही. नट किती कसायचा ते बोटे सांगत, हब किती तापला ते तळहात. त्याने तळहात हबवर टेकवला.

“कोमट हाय. नवी सूनबी आठ दिस अवघडतीच की. मग बसती घरात.”

माणिकप्पा हसला नाही. मागे सोयाबीनची पोती होती. भरल्या गाडीचे चाक निसटले की ते कुणाचे ऐकत नाही. गेल्या साली उमरीजवळ असेच एक चाक चहाच्या टपरीत शिरलेले त्याने पाहिले होते.

निजामोद्दीनचा हात अजून तिथेच होता. झाकणाच्या कडेने पातळ झालेले ग्रीस ओघळून त्याच्या मनगटावर आले. तरी तो हात काढत नव्हता.

माणिकप्पा म्हणाला, “उघडूनच बघू का, चाचा?”

“वीस वर्सं झाली. आज भरवसा गेला?”

“भरवसा लई हाय. मीच भित्रा हाय.”

निजामोद्दीन पुटपुटत जॅक लावू लागला. ब्रेक धरत असेल म्हणून त्याने आधी ब्रेक ढिला करून पाहिला. चाक तरीही जडच फिरले. त्याने हब उघडला. ग्रीसचे तेल झाले होते, बेरिंगच्या रोलरवर तपकिरी झाक आली होती. नट गच्च कसलेला होता, हवा तेवढा ढिलेपणा नव्हताच.

तो बराच वेळ त्या नटाकडे पाहत राहिला. मग त्याने आपला तळहात उलटा केला. मधोमध फोड उठला होता. दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने त्याने तो दाबला. पुन्हा, जरा जोराने दाबला.

“शुगरचा डाक्टर म्हणला व्हता, पायाकडं बघत जा,” तो हळू म्हणाला. “हाताचं न्हाई बोलला.”

माणिकप्पा रस्त्याकडे पाहत राहिला.

नवी बेरिंग ग्रीस भरून बसवली तेव्हा निजामोद्दीनने पाना त्याच्यापुढे धरला.

“तू कस. मी चाक फिरवतो.”

“मी? मला न्हाई जमायचं.”

“कस म्हणलं न.”

माणिकप्पाने पाना नटाला लावला. चाक फिरत होते, निजामोद्दीन कान देऊन होता.

“अजून. अजून. बस. आता जरासा मागं घे.”

या खेपेला निजामोद्दीन केबिनमध्ये शेजारी बसला. पुन्हा तोच दहा किलोमीटरचा फेरा झाला. परत आल्यावर तो आधी उतरला, डाव्या मागच्या चाकाशी गेला आणि दोन्ही हात पाठीमागे धरून माणिकप्पाची वाट पाहत उभा राहिला.