रपट्यावरचा कार्बोरेटर

मला कोणी शिकवायला आलं की माझं डोकं फिरतं. सावली गावच्या मिस्त्रीनं माझी मोटारसायकल पाहून एवढंच म्हटलं होतं, "कार्बेटरच्या आतले रस्ते चोंदले हायेत. साफ करून त्याईची बाहेरची तोंडं पक्की बुजवा लागतीन. आठ दिवस ठेवून जाजो." आठ दिवस! मी पहाटे गावच्या मामा तलावात, म्हणजे जुन्या मालगुजारी तलावात, जाळं टाकतो आणि माझी बायको दामिनी ते मासे क्रेटमध्ये भरून, त्याच गाडीवर बांधून सावलीच्या बाजारात नेते. आठ दिवस काय मासे डोक्यावर नाचवायचे? मिस्त्रीला म्हटलं, ठेव तुझे आठ दिवस तुझ्यापाशी. गाडी घेऊन घरी आलो.

गाडीचा रोग एकच होता. ॲक्सिलेटर सोडला की बंद पडायची. मी संध्याकाळी अंगणात गोणपाट अंथरलं आणि कार्बोरेटर खोलला. मुठीएवढी वस्तू, पण तिच्या अंगात पेट्रोल जायला सुईएवढी भोकं कोरलेली असतात. कारखान्यात ती बाहेरून पाडतात आणि मग बाहेरचं तोंड शिशाच्या बारक्या गोळीनं कायमचं बंद करतात. ती गोळी मी टोकरून काढली. क्लचच्या वायरीतली एक तार आत सरकवली, तर हिरवट चिकट घाण निघाली. सायकलच्या पंपानं हवा मारली. पलीकडून फुर्र करून हवा आली तेव्हा मी मिस्त्रीच्या नावानं एकटाच हसलो.

आता भोक बुजवायचं राहिलं. गोळी काढताना चेपली होती, ती काही बसेना. मग माझ्या बापानं जे केलं असतं तेच मी केलं. आम्ही ढिवर, पिढ्यान्‌पिढ्या मासे धरणारे. डोंग्याला, म्हणजे आमच्या लाकडी होडीला, फट पडली की डांबर तापवून भरायचं, हे आम्हाला जन्मापासून ठाऊक. आमच्या डोंग्यात चार-चार वर्षं पाण्याचा थेंब येत नाही. मी डांबराचा थेंब भोकात सोडला, अंगठ्यानं दाबला. डिसेंबरची थंडी, घटकाभरात त्याचा दगड झाला. सकाळी पेट्रोल सोडू म्हणून मी ऐटीत झोपलो.

गेल्या महिन्यात सावलीच्या वाटेवरच्या रपट्याजवळ, नाल्यावरच्या त्या बुटक्या पुलाजवळ, गावातल्या शकुबाईची म्हैस वाघानं ओढली, तेव्हापासून गावातल्या गाड्या सहाला एकत्र निघतात. वनरक्षकानं येऊन बजावलं होतं, एकटं जायचं नाही, रपट्यावर थांबायचं नाही, आणि दिसलाच तर पाठ दाखवायची नाही. त्या सकाळी गावातला चैतू आणि बाकीचे गाडीवाले हॉर्न वाजवत दारावरून गेले. दामिनी क्रेट बांधून तयार होती. पण मला मिरवायचं होतं ना!

"थांब थांब, आवाज तं ऐक," मी म्हणालो. गाडी जागेवर संथ चालत होती, एकदाही अडखळत नव्हती.

"लोकं चालले ना."

"चालू दे. पाच मिनिटं ऐक. हे गॅरंटीचं काम हाये."

पाच मिनिटं तिनं ऐकलं. मग "गाठीन मी त्याईले," म्हणून ती निघाली. धुक्यात मागचा लाल दिवा थोडा वेळ दिसला.

मी हात धुवायला बसलो. बोटांवर कालचं डांबर तसंच होतं. ते आम्ही नेहमी काढतो तसंच काढायला घेतलं. वाटीत काल कार्बोरेटरमधून काढलेलं पेट्रोल होतं, त्यात चिंधी बुडवली आणि बोटं पुसली. डांबर निघालं. बोटं लख्ख झाली, वाटीतलं पेट्रोल काळं झालं, आणि मी तसाच उकिडवा बसून माझ्या बोटांकडे पाहत राहिलो.

उभ्या जन्मात मी डांबर पेट्रोलनंच काढत आलो होतो, आणि तेच डांबर पेट्रोल अडवायला लावलं होतं! पाच मिनिटांत ते विरघळत नाही, म्हणून अंगणात गाडी गोड चालली. पंधरा मिनिटांत विरघळतं. विरघळून जेटमध्ये, पेट्रोल मोजून सोडणाऱ्या बारक्या नळीत, जाऊन बसतं. आणि आमच्या दारापासून रपटा गाडीनं पंधरा मिनिटांवर आहे.

फोन लावला. एकदा पूर्ण वाजला, दुसऱ्यांदा लागलाच नाही. गावातल्या सगळ्या गाड्या गेलेल्या. सायकल काढली, खिशात स्क्रू फिरवायचा पेचकस टाकला. शेजारचे उमाजीभाऊ दारात दात घासत होते.

"कुठी चालला रे सुरेंदर, एकटा?"

"दामिनीची गाडी बंद पडन भाऊ, रपट्यावर."

"तुले कसं मालूम?"

मी पायडल मारलं. "अर्ध्या घंट्यात जीप येते, तिच्यात जाऊ, थांब," असं ते ओरडत होते तोवर मी वळणापार गेलो होतो.

त्या रस्त्यावर मी किती जोरात सायकल मारली ते मला सांगता येणार नाही. धुकं एवढं की पुढचं झाड जवळ आल्यावर दिसायचं. प्रत्येक वळणाला मी मनात म्हणायचो, इथं नाही, म्हणजे गेली असेल पुढं, चैतूला गाठलं असेल. रस्ता फुटलेला. रपट्यावर तर खड्डे असे की कोणालाही ॲक्सिलेटर सोडावाच लागतो. एवढं मला ठाऊक होतं, आणि तरी मी देवाला खड्डे बुजवायला सांगत होतो.

रपट्यावर गाडी स्टँडवर उभी होती. क्रेट तसंच बांधलेलं. दामिनी गाडीच्या पलीकडे उभी होती, पाठ माझ्याकडे, तोंड नाल्याकाठच्या बांबूकडे.

"सायकल आपटू नका," ती हळू म्हणाली. मान वळवली नाही. "हळूच या. त्या पडल्या झाडाजवळ पाहा."

आधी मला काही दिसलं नाही. मग एक कान हलला. वीस-पंचवीस पावलांवर तो बसला होता, मांजर चुलीपाशी बसतं तसा, आरामात.

"कव्हाचा?"

"गाडी बंद पडली तव्हापासून. मी मांगं सरकली का तो उठते. उभी राह्यली का बसते."

दोघांनी सायकलवर पळणं म्हणजे त्याला पाठ दाखवणं. गाडी चालू होणं एवढाच मार्ग होता. मी बांबूकडे पाठ करून कार्बोरेटरपाशी गुडघ्यांवर बसलो आणि दामिनी माझ्या पाठीशी उभी राहिली, तिकडे पाहत.

"हाये?" मी विचारलं.

"हाये."

पेट्रोलचा नळ बंद केला. क्लिप सैल करून कार्बोरेटर तिरपा केला, खालची वाटी काढली. आत चहासारखं काळं पेट्रोल. दोन्ही जेट बंद. मी एक काढून तोंडानं फुंकला, पेट्रोल आणि डांबर जिभेवर आलं.

"झालं काय तिले?" तिनं विचारलं.

पेट्रोलात पाणी असेल, पंपवाले चोर आहेत, हे सगळं माझ्या ओठांवर तयार होतं. ते बोललो असतो तर तिनं मानलंही असतं, ती माझ्यावर विश्वास ठेवते हेच तर वाईट होतं. पण भोक बुजवायला काहीतरी लागणार होतं आणि माझ्या डोक्यात काहीच येत नव्हतं.

"मीनं केलं," मी म्हणालो. "भोकात डांबर भरलं. डोंग्याले लावतो तसं. ते पेट्रोलात विरघळलं. माह्यामुळं तू इथी उभी हायेस दामिनी."

माझ्या पाठीमागे खडीवर तिची चप्पल सरकली. मला रडू येत होतं आणि रडायला सवड नव्हती.

"हाये?" मी पुन्हा विचारलं.

"हाये," ती म्हणाली. "बसून हाये. तुमी हात चालवा."

"आत डांबर चिकटलं हाये. टोकदार काई पायजे."

तिनं डावा हात मागे केला. तिच्या बांगडीत दोन पिना अडकवलेल्या असतात. त्यातली एक काढायला मला तीनदा प्रयत्न करावा लागला. पिनेनं डांबर खरवडलं, पदराच्या टोकानं भोक पुसलं.

"आता बुजवू कायनं?"

"पिशवीत साबण हाये, हात धुवाचा. त्या ट्रॅक्टरवाल्याची टाकी गळत होती तव्हा त्यानं साबणच घासला होता. पेट्रोलनं साबण नाई निघत."

मला कोणी शिकवायला आलं की माझं डोकं फिरतं, पण त्या घडीला मी तिच्या पाया पडलो असतो. साबणाचा तुकडा बोटांत मळून मऊ केला, भोकात दाबला, पिनेच्या डोक्यानं ठासला. दुसरा जेट फुंकला. वाटीचा एक स्क्रू हातातून निसटून खडीत पडला.

"हाये?"

"हाये म्हटलं ना. स्क्रू तुमच्या गुडघ्यापाशी हाये. घाई नोका करू."

तिच्या आवाजात इतकी शांती होती की माझाही श्वास थोडा खाली बसला. स्क्रू बसवले, नळ सोडला, दोघांना बसायला जागा व्हावी म्हणून क्रेटची दोरी तोडून मासे तिथंच लोटून दिले, सायकलही तिथंच सोडली. पहिल्या किकला काही नाही. दुसऱ्या किकला खोकली. तिसरीला गाडी अशी ओरडली की नाल्यातले बगळे उडाले. मी ॲक्सिलेटर पिळून धरला, दामिनी मागे बसली, आणि सावलीची पहिली घरं दिसेपर्यंत मी तो सोडला नाही.

गावाच्या तोंडाशी चहाची टपरी आहे. तिथं उतरलो. दामिनी बाकावर बसली. टपरीवाल्यानं पाण्याचा गिलास दिला. मी तो धरला, तिला पाजलं. मला वाटलं आता ती शिव्या देईल. मी वाटच पाहत होतो.

"तुमी डांबराचं सांगतलं ना," ती म्हणाली, "तव्हा मीनं तुमच्याकडं पाह्यलं. राग आला होता. एकच घडी पाह्यलं. वापस तिकडं पाह्यलं तं झाडाजवळ कोणीच नोयतं."

मला कळायला वेळ लागला.

"पण तू तं म्हणत होती, हाये, बसून हाये."

"कुठी गेला, कोणत्या बाजूनं गेला, काईच दिसत नोयतं. मी चारी बाजूनं पाहून राह्यली होती." तिनं गिलास माझ्या हातातून काढून बाकावर ठेवला. "खरं सांगतलं असतं तं स्क्रू कोणी बसवले असते? हात कापत होते तुमचे."