अर्थिंगचा बोल्ट

सकाळी पावणेआठला परतूरजवळच्या रेल्वे फाटकात, ऐन रुळांवर, शाळेची व्हॅन बंद पडली. चालक नागसेनने मुलांना उतरवलं, लोकांनी व्हॅन ढकलून बाहेर काढली. रेल्वे यायला अवकाश होता.

दुपारी मालक काकासाहेबांनी पालकांच्या ग्रुपवर लिहिलं : चालकाच्या हलगर्जीपणामुळे प्रकार घडला, त्याला काढलं आहे. नागसेन दुसऱ्या शाळेच्या गाडीवर काम मागायला गेला, तेव्हा तिथल्या माणसाने मोबाइलवर तोच मजकूर त्याच्यापुढे धरला.

व्हॅन बद्रीनाथकडे नेली. तो गाड्यांचं वायरिंग करतो. काकासाहेब तिथे होतेच; नागसेन न बोलावता गेला.

बॅटरी भरलेली होती. फ्यूज शाबूत, चार्जिंग बरोबर. स्कॅनर लावल्यावर कळलं, गाडीच्या कॉम्प्युटरला मधूनच वीज कमी पडते.

"बॅटरीत हाय, पण तिकडं पोचून न्हाई राह्यली," बद्रीनाथ म्हणाला. मीटरची एक तार बॅटरीच्या मायनसला, दुसरी इंजिनला धरून त्याने नागसेनला स्टार्टर मारायला लावला. आकडा शून्याजवळ राहायला हवा होता. तो दीड व्होल्टच्या वर गेला. म्हणजे दोष अर्थिंगमध्ये, बॅटरीची मायनस तार गाडीच्या सांगाड्याला जिथे जोडतात तिथे. बॅटरीखालचा तो बोल्ट खोलला; त्यावर हिरवट, चिकट थर होता आणि थरात नारळाच्या शेंडीचे धागे.

"काका, नारळ कुठं फोडता?" बद्रीनाथने काकासाहेबांना विचारलं.

"बंपरवर. पाणी इंजिनावर शिंपडतो, दर अमावस्येला. वडलांपासून हाय."

"ते समदं ह्या बोल्टवर उतरतं."

"वडलांची जीप कधी बंद पडली न्हाई."

"त्या जीपला कॉम्प्युटर नव्हता."

पूजेच्या वेळी नागसेनला लांब उभं करायचे. आता तो पुढे आला.

"काका, तेवढं ग्रुपवर टाका. बोल्ट खराब होता, एवढंच. नारळाचं न्हाई लिहिलं तरी चालंल."

"तुमच्यात नारळ फोडत न्हाईत. तुला तोच दिसणार."

"मला न्हाई दिसला. बद्रीभाऊला दिसला."

बद्रीनाथने बोल्ट घासता घासता मान वर केली नाही. "मला मधी घेऊ नका. मला इथंच दुकान चालवायचंय."

बोल्ट बसवला. व्हॅन पहिल्या झटक्यात सुरू झाली.

"चालू झाली ना? मंग विषय संपला," काकासाहेब म्हणाले.

ग्रुपवरचा मजकूर आजही तसाच आहे. नागसेनला काम मिळालेलं नाही. व्हॅनवर काकासाहेबांचा पुतण्या पप्पू असतो. रोज सकाळी ती रूळ ओलांडेपर्यंत नागसेन फाटकाजवळच्या टपरीवर थांबतो. टपरीवाला म्हणतो, "पगार बंद, ड्युटी चालू."

अमावस्या काल झाली. काकासाहेबांनी बॉनेट उघडून नारळाचं पाणी शिंपडलं. आज पावणेआठ वाजून गेले, फाटक पडलं, तरी व्हॅन आलेली नव्हती.