सोलांजबाईंची एक तार

एकवीस वर्षांत सोलांजबाईंनी ओवलेली एकही तार वाया गेली नव्हती. तारांची वही मी ठेवतो, म्हणून छातीठोक सांगतो. बाई स्वतः त्याबद्दल कधी बोलायच्या नाहीत. फक्त दुसऱ्यांच्या वाया गेलेल्या तारांचे आकडे त्यांना तोंडपाठ असत.

जमिनीखाली शंभर मीटरवरची, अणूहून बारीक कण टिपणारी जुनी पेटी थकली, म्हणून तिच्या जागी बसवायची ही नवी आम्ही वर जमिनीवर भरत होतो. आत हजारो तारा, केसाहून बारीक, सोन्याचा मुलामा दिलेल्या. जवळून कण गेला की तार त्याची चाहूल टिपते. एरवी ती दिसतच नाही; दिवा तिरपा धरला की क्षणभर उजळते आणि पुन्हा नाहीशी होते. त्या धूळमुक्त खोलीत पांढऱ्या टोप्या घालून आम्ही पाण्याखाली चालल्यासारखे चालतो. काचेबाहेर जुरा डोंगर धुक्यात विरघळत असतो.

दुपारी झाकण बसणार होतं. ते पुढची दहा वर्षं उघडायचं नाही. बाई दिवा धरून उभ्याच.

"तेराव्या ओळीतली सातवी," त्या म्हणाल्या. "मार्चमध्ये तिला माझा चिमटा लागला होता."

रुज्जेरो आमचा प्रमुख. वय चौतीस, घाई मात्र सत्तरीतल्या माणसाची. "मादाम, ताण मोजला तेव्हा बरोबर आला होता. वहीत सही तुमचीच आहे!"

"माझीच आहे. ताणाला रकाना आहे, ओरखड्याला नाही. मी त्याचा फायदा घेतला."

आत तार तुटली तर शेजारणींवर पडते आणि अख्खा भाग मुका होतो. नवी ओवायची तर वरचे सगळे थर उतरवावे लागले असते. मग उरतं एकच: दोन्ही टोकं कापून ती ओढून काढायची. आमच्या रिवाजाप्रमाणे रिकाम्या जागेची नकाशात नोंद होते, समोर ओवणाऱ्याचं नाव. दहा वर्षं पोरं ते वाचणार.

"टिकेलही ती," मी हळूच म्हटलं. "कुणाला कळणार आहे?"

"तू गप्प बस, सैताना! मार्चपासून डोळा लागला की ती दिसते. उजळते, विझते. आणि मी मोजत बसते."

"तुमचा एकवीस वर्षांचा कोरा रकाना, मादाम..." रुज्जेरो चाचरला.

"तुझ्या बापाचा आहे का तो?"

बाईंनी कात्री घेतली. आवाज झाला नाही. सोनेरी धागा हळूहळू बाहेर येत गेला, वळला, हवेत तरंगला आणि त्यांच्या हातमोज्यावर उतरला.

मी नकाशा पुढे केला. त्यांनी नाव लिहिलं: सोलांज बुवार. आद्याक्षरांवर भागवलं नाही.

झाकण बसलं. बाहेरच्या खोलीत येऊन बाईंनी टोपी काढली, खुर्चीत टेकल्या आणि भर दुपारी, तोंड उघडं टाकून, गाढ झोपल्या. रुज्जेरो त्यांना हाक मारायला निघाला. मी त्याची बाही धरली.