पाच अंश

"आधीच्या रेघा पुसल्यास का?" एक्स-रे विभागातल्या वरिष्ठ डॉक्टर ताईंनी विचारलं.

"पुसल्या."

"नीट पूस. जुनी रेघ दिसली की डोळा तिच्यामागेच जातो, मग माझं माप माझं राहत नाही."

त्याने स्पिरिटचा बोळा फिल्मवरून पुन्हा फिरवला. उजेडाच्या पेटीवर त्याच्या मुलीचा कणा दिसत होता, मध्यावर उजवीकडे झुकलेला. एक्स-रे विभागात त्याला सगळे गुण्या म्हणत, काटकोन तपासायच्या सुताराच्या गुण्यावरून. भिंतीवरची पाटी जरा तिरकी दिसली की याचे हात शिवशिवायचे. अशा माणसाच्या घरात वाकडा कणा निघावा, यावर सुरुवातीला तो स्वतःच हसला होता. आता हसू येत नव्हतं.

ताईंनी सर्वांत कललेला वरचा मणका निवडला, तसाच एक खालचा. दोन्हींच्या कडांना रेघा ओढून कोनमापक ठेवला.

"शेहेचाळीस."

"मला त्रेचाळीस येतात."

"कितीदा मोजलंस, गुण्या?"

सकाळी पहिल्यांदा त्याला सत्तेचाळीस आले होते. मग त्याने पेन्सिलीला टोक केलं, शेजारचा मणका धरून पाहिला, आणि आकडा हळूहळू त्याला हवा तिथे येऊन बसला. त्याने लबाडी केली नव्हती. प्रत्येक रेघ त्याला खरीच वाटली होती, आणि भीती त्याचीच वाटत होती.

हाडांच्या डॉक्टरांनी मागच्या खेपेला बेचाळीस सांगितले होते, या खेपेला सत्तेचाळीस. पंचेचाळीसच्या आत असतं तर पाठीला बांधायच्या पट्ट्यावर भागलं असतं. वर गेलं की पोरीची पाठ उघडून सळ्या घालायच्या.

दुपारी तो डॉक्टरांपुढे जाऊन उभा राहिला.

"साहेब, वाक वाढलाय की नुसतं माप हललंय?"

डॉक्टर भला माणूस. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "खरं सांगू? हीच फिल्म मी उद्या मोजली तर माझेच चार-पाच अंश इकडचे तिकडे होतील. सगळ्यांचेच होतात."

"मग ठरवायचं कशावर?"

"त्यावरच. दुसरं काय आहे आपल्याकडे?" त्यांनी चष्मा पुन्हा चढवला. "उभं राहण्यातही फरक पडतो. आज पुन्हा एक फिल्म काढ. मी आणि ताई ती वेगवेगळी मोजतो आणि काय ते ठरवून टाकतो."

इतकी वर्षं तो फिल्म काढून वर पाठवत आला होता, आणि वरून येणारा आकडा म्हणजे काळ्या दगडावरची रेघ मानत आला होता. ती रेघ कुणीतरी पेन्सिलीनेच ओढलेली असते, हे त्याला माहीत होतं. पण स्वतःवर वेळ येईपर्यंत ते कधी बोचलं नव्हतं.

शाळा सुटल्यावर बायको मुलीला घेऊन आली. मुलगी कपडे बदलायला आत गेली तशी बायकोने विचारलं, "पुन्हा का काढायची? त्यांनाच माहीत नाही का?"

"माहीत आहे गं. पण थोडं इकडेतिकडे होतं."

"तुम्ही त्यातलेच ना? मग तुम्ही सांगा की."

तो आत गेला.

मुलगी फिल्मच्या उभ्या चौकटीकडे तोंड करून उभी होती. खांदे एका रेषेत, मान ताठ, गळ्याच्या शिरा ताणलेल्या.

"अशी का उभी राहिलीस?"

"आरशासमोर सराव केलाय, बाबा. उजवा खांदा दाबला आणि कंबर थोडी इकडे घेतली की बरंच सरळ दिसतं. मग कमी येईल ना?"

येईल, त्याला ठाऊक होतं. चार-पाच अंशच तर हवे होते. तो काचेआड गेला, बटणावर बोट ठेवलं आणि तसाच परत आला. त्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"सोड, बाळा. रोज उभी राहतेस तशी राहा."

"मग जास्त येईल."

"येऊ दे."

त्याच्या हाताखाली खांदा हळूहळू वर आला. कंबर एका बाजूला गेली. रोज दप्तर घेऊन फाटकाबाहेर पडणारी त्याची मुलगी आता समोर उभी होती. त्याचे डोळे भरून आले. तिची पाठ त्याच्याकडे होती, तेवढंच बरं.

काचेआडून तो म्हणाला, "श्वास घे. धरून ठेव."

बटण दाबलं. यंत्राचा आवाज झाला आणि थांबला. यापुढचा 'सोड' हा शब्द तो दिवसभर येणाऱ्या प्रत्येकाला सांगायचा, पण आज तो त्याच्या तोंडून निघेना. काचेपलीकडे मुलगी श्वास धरून तशीच उभी होती.